एक जूनची पिढी

महाराष्ट्रातील कोणत्याही सरकारी कचेरीत ज्या गृहस्थास एखादे निकडीचे काम उरकून घ्यावयाचे असेल त्याने निदान ३१ मे हा दिवस तरी टाळावा, अशी सूचना मी आयुष्यभर मेजाच्या आतल्या बाजूस बसलेला इसम या नात्याने करू इच्छितो. कारण त्या दिवशी दुपारचे टपाल आत आले न आले तोच फायली बाजूस सारल्या जातात, शाली, श्रीफळे आणि पेढ्यांचे पुडे दाखल होतात, आणि कचेरीतील जुनीजाणती मंडळी एकाच मुहूर्तावर सेवानिवृत्त होऊन गळ्यात हार घातलेल्या स्थितीत घरी जातात. महिन्याच्या एक तारखेस जन्मलेल्या नोकराने आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त व्हावे, असा नियम आहे. तेव्हा या सामुदायिक प्रस्थानाचा अर्थ एवढाच की ही सर्व मंडळी १ जून रोजी जन्मास आली होती. परप्रांतातून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याने हा सोहळा प्रथम पाहिला तेव्हा, महाराष्ट्रातील स्त्रिया वर्षातून एकदाच, आणि तेही वळीव संपून मृग लागण्याच्या मधल्या सवडीत, प्रसूत होतात की काय, अशी पृच्छा त्याने मोठ्या गांभीर्याने केली. त्यास समाधानकारक उत्तर मिळाले नाही, कारण उत्तर देण्यास उभ्या असलेल्या चौघांपैकी तिघांची जन्मतारीख तीच होती.

या विराट एकदिवसीय प्रजोत्पादनाचे श्रेय निसर्गाकडे नसून प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरांकडे जाते. खेड्यात जन्मलेल्या मुलाची खबर ठेवण्यात सरकार तसे उदासीन नव्हते. गावकामगार पाटलाच्या नोंदवहीत बापाचे नाव आणि त्यापुढे 'मुलगा' अथवा 'मुलगी' एवढा मजकूर बहुधा सापडे. परंतु त्या मुलाचे पुढे बारसे होऊन नाव काय ठेवले, हे वहीस ठाऊक नसल्यामुळे, आणि एका बापास ओळीने चार-पाच मुलगे होण्याचा त्या काळी सर्रास प्रघात असल्यामुळे, शाळेच्या दारात उभा केलेला प्रस्तुतचा शेंबडा उमेदवार त्यांपैकी कितवा, याचा निर्णय त्या नोंदीवरून लागत नसे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला तो १९६९ साली. तोवर आम्ही मिशा कोरू लागलो होतो. तेव्हा वयाचा निवाडा हेडमास्तरांनाच करावा लागे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान बोटांस लागला की मुलगा विद्यार्जनास योग्य झाला, हा वैद्यकशास्त्रास अज्ञात असलेला निकष पार पडला, म्हणजे तारखेच्या चौकशीस आरंभ होई.

माझ्या आईने, तिनेच पुढे अनेकवार सांगितल्याप्रमाणे, 'बेंदराच्या दिशी, बैलं मिरवून घरी येत व्हती तवा' असा स्वच्छ जबाब दिला होता. याहून नेमका पुरावा कोणतेही न्यायालय मागणार नाही. परंतु आमचे गाव कृष्णाकाठचे, त्या वेळच्या दक्षिण सातारा जिल्ह्यातले. तेथे ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर पाळणारी आणि आषाढातला महाराष्ट्री बेंदूर पाळणारी घरे एकाच आळीत नांदत. 'कोणता बेंदूर?' असे मास्तरांनी विचारले. 'आमचा,' असे आईने सांगितले. या खुलाशानंतर मास्तरांनी टाक दौतीत बुडविला, आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते व मुलास सहा वर्षे पुरी झालेली असावीत, या दोन निर्विवाद सत्यांचा मेळ घालून १ जून १९४९ ही तारीख वळणदार अक्षरात लिहून टाकली. माझ्या पाठोपाठ ज्याचे नाव दाखल झाले तो माझा चुलतभाऊ तर भर श्रावणात, ओढ्यास पूर येऊन सुईण पलीकडच्या काठावर अडकलेली असताना जन्मला होता; त्याचाही जन्म जूनच्या कोरड्या रणरणत्या उन्हात झाल्याचे सरकारने मान्य केले. आणि चौथ्या इयत्तेत असतानाच ज्यास मिसरूड फुटले होते, ज्यास शाळा तपासण्यास आलेल्या दिपोटींनी चुकून सहायक शिक्षक समजून आसन ग्रहण करण्याची विनंती केली होती, तोही कागदोपत्री आमचाच समवयस्क, किंबहुना त्याच घटकेचा.

या पद्धतीस आजकालचे शिकलेले लोक हसतात. मला ती न्याय्य वाटते. जन्मवेळेच्या बाबतीत दैवाने केलेला सर्व पक्षपात तिने एका फटकाऱ्यात रद्द केला; मुहूर्तावर जन्मलेला पाटलाचा मुलगा आणि अमावास्येस जन्मलेला रामोशाचा मुलगा यांना तिने एका तारखेवर आणून बसविले, आणि ज्यांच्या बापांनी दूरदृष्टीने 'दोन वर्सं कमी लावा, गुर्जी, फुडं नोकरीला बरं पडंल' अशी विनवणी केली होती त्यांना सरकारी खजिन्यातून दोन वर्षांचा जादा पगारही मिळवून दिला. नुकसान झालेच असेल तर ते ज्योतिषांचे. वर्तमानपत्रातील भविष्य जर खरे मानावयाचे, तर आमच्या पिढीतील तलाठी, ग्रामसेवक, कंडक्टर आणि मास्तर या सर्वांनी एकाच आठवड्यात धनलाभ आणि त्याच्या पुढल्या आठवड्यात उदरव्याधी अनुभवावयास हवी होती. उदरव्याधीपुरते ते खरे ठरले.

अशा या एकमुहूर्ती मंडळींचा मेळावा १ जून २०२४ रोजी जुन्या शाळेत भरवावा, ही कल्पना आमच्यातील निवृत्त एस. टी. कंडक्टरची. मेळावे अलीकडे सगळेच भरवितात. परंतु तिशी-चाळिशीतले माजी विद्यार्थी हॉटेलात जमून एकमेकांच्या मोटारी पाहतात, तसला हा प्रकार नव्हता. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य करणारी योजना ऑगस्ट २०२२ पासून अमलात आली आहे, आणि आमच्या उभ्या वर्गाची पंचाहत्तरी एकाच दिवशी पुरी होत असल्याने त्या दिवशी निघाल्यास कोणासच भाडे पडणार नाही, असा हिशेब त्याने मांडला. नोकरीभर दुसऱ्यांकडून भाडे वसूल केलेल्या माणसाच्या मनात फुकट प्रवासाविषयी जी खोल तृष्णा साठून राहते तिची कल्पना इतरांस यावयाची नाही. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, ही गोष्टही त्यानेच भाषणात सांगितली, म्हणजे एस. टी. आमच्याहून वर्षाने थोरली, आणि १ जून ही जन्मतारीख जिची खरोखरीची आहे अशी आमच्या परिचयातील ती एकटीच.

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता त्या दिवशी उठलेली नव्हती. मतमोजणी ४ जूनला व्हावयाची होती. त्यामुळे व्यासपीठावर कोणाही पुढाऱ्यास पाचारण करता आले नाही, आणि असा योग खेड्यातील समारंभास पुन्हा केव्हा लाभेल ते सांगवत नाही. पुढारी नसल्यामुळे अध्यक्ष कोणास करावे असा पेच उत्पन्न झाला. जो वयाने सर्वांत वडील असेल त्याने अध्यक्षस्थान स्वीकारावे, अशी सूचना आमच्यातील निवृत्त लष्करी सुभेदारांनी मांडली. तीस अनुमोदनही मिळाले. परंतु आधारपत्रे तपासता सर्वांचे वय दिवसापर्यंत समसमान भरल्याने ती खारीज करावी लागली. अखेर मिसरूडवाल्यास, त्याचा लेखी हक्क शाबीत झाला नसतानाही, केवळ प्रत्यक्ष दर्शनावरून खुर्चीवर बसविण्यात आले.

मग एकेकाने उभे राहून आपापल्या आयुष्याची कैफियत सादर केली. वर्गात सदैव पहिला येणारा विद्यार्थी पुढे अव्वल कारकून झाला, तो मी. माझ्याविषयी अधिक सांगण्याजोगे नाही, व सभेनेही अधिक विचारले नाही. चौथीत दोन वर्षे काढून ज्याने शाळेस रामराम ठोकला तो तासगावच्या बाजूस द्राक्षबागायतदार झाला असून, ज्या गृहस्थास मास्तर शेवटपर्यंत सवायकी शिकवू शकले नाहीत तो आता युरोपास माल पाठवितो आणि बेदाण्याचा भाव आम्हांस अपूर्णांकांत समजावून देतो. एकजण साखर कारखान्यात चिटबॉय लागला व चिटबॉय म्हणूनच निवृत्त झाला. साठी उलटल्यावरही त्याच्या पदनामातील बाल्य सरकले नाही. सुभेदार १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते, परंतु ते बोलले ते सर्व लष्करी उपाहारगृहातील स्वस्त साबणाविषयी. लालबागेत ज्याची उमेद गेली तो गिरणी कामगार जानेवारी १९८२ च्या संपात जो गावी आला तो परत गेलाच नाही. 'संप अजून मागे घेतलेला नाही, तवा मी हजरच हाय,' एवढे बोलून तो खाली बसला, आणि त्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणास ठरविता आले नाही.

खरा रंग भरला तो मात्र जेवणानंतर, शाळेने आपणास काय दिले, हा विषय निघाल्यावर. प्रत्येकाने आठवण देऊन देऊन जी यादी सिद्ध झाली तीवरून असे निष्पन्न झाले की १९५५ ते १९६२ या काळात आम्ही जे जे कष्टाने आत्मसात केले ते ते सरकारने, आम्ही आत्मसात करताक्षणी, एकामागून एक रद्दबातल केले. मोडी लिपी आमच्यापर्यंत येईतो शाळेतून उठलीच होती. ती फक्त मास्तरांच्या सहीत शिल्लक होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, हे कोष्टक घोकून आमच्या जिभेस घट्टे पडले, आणि दुसरीची परीक्षा तोंडावर आली असता १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी अवतरली. हा दिवस निवडण्यात कोणाचा विनोद होता ते कळले नाही. मास्तरांनी तरी ती बातमी प्रथम थट्टाच मानली. नव्या तक्त्याप्रमाणे एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे म्हणजे बारा, परंतु तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस. ज्याने रुपयाचा जिन्नस एकेक आण्याने सोळा वेळा घेतला त्याचे शहाण्णव पैसेच होतात, आणि उरलेल्या चार पैशांचे काय झाले, हे गणित मास्तरांनी फळ्यावर मांडले, दुपारपर्यंत सोडविले, आणि शेवटी वाण्याच्या मुलाकडे पाहून पुसून टाकले. पुढे या पैशांच्या नावातील 'नये' हे विशेषण सरकारने काढून घेतले, ते १ जून १९६४ रोजी! नाण्यांचे वयदेखील आमच्याच हेडमास्तरांनी ठरविले असावे अशी शंका घेण्यास येथे जागा आहे.

वजनमापांची तीच गत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, ही चढती भाजणी पाठ झाली न झाली तो किलोग्रॅम आणि लिटर येऊन थडकले. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी यांवरून आम्ही जिवावर उदार होऊन औटकीपर्यंत पोहोचलो होतो. साडेतीनचा पाढा पाठ असणारा माणूस जगात कोठेच कमी पडत नाही, असे मास्तर म्हणत, आणि त्यानंतरच्या साठ वर्षांत मजवर साडेतीनने गुणण्याचा प्रसंग काही आला नाही. भूगोलाने तर कहर केला. १९५६ च्या नोव्हेंबरात झालेल्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचा नकाशा काढावयाचा म्हणजे विदर्भ आणि मराठवाडा हे सोपे भाग होते, परंतु कच्छ-सौराष्ट्राचा तो दातेरी किनारा काढताना पेन्सिली झिजत, आणि खंबायतचे आखात चुकल्याबद्दल हातावर वळ उठत. तो किनारा आम्हांस अगदी बिनचूक येऊ लागला, तेव्हा १ मे १९६० उजाडला आणि कच्छ, सौराष्ट्र व आखात ही तिन्ही दुसऱ्या राज्यात गेली. संयुक्त महाराष्ट्राचा आनंद आमच्या वर्गाइतक्या निर्भेळपणे अन्य कोणी भोगला असेल असे वाटत नाही. त्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली झाले, त्यामुळे आपला जिल्हाही आम्ही नव्याने पाठ केला.

परंतु यादीतील सर्वांत दुःखद कलम अनुस्वारांचे. 'घरांत', 'शाळेंत', 'तें', 'मुलें' अशा शब्दांच्या माथ्यावर जो बिंदू द्यावयाचा तो उच्चारात कोठेच ऐकू येत नसल्याने त्याचे स्थान केवळ श्रद्धेने ओळखावे लागे, आणि जेथे श्रद्धा कमी पडे तेथे निरगुडीची छडी ती भरून काढी. एक बिंदू, एक छडी, असा तो रोखीचा व्यवहार होता. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे चौदा नियम सरकारने मान्य केले आणि ते अनुच्चारित अनुस्वार लेखनातून कायमचे बरतरफ झाले, ते १९६२ साली. आम्ही सातवी होऊन शाळेबाहेर पडलो, तेही १९६२ साली. त्याच वर्षाच्या १ मे रोजी जिल्हा लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली, तेव्हा खाल्लेल्या छड्यांबद्दल दाद मागावयाची झाल्यास प्रतिवादी कोण, हाही प्रश्न उरला. मी त्या वेळी लागू असलेल्या नियमांचा पुष्कळ विचार केला आहे. भरपाई मिळण्याजोगी नाही.

छडीचा विषय निघाला की पंचाहत्तरीच्या पुरुषांत एक चमत्कारिक स्पर्धा सुरू होते. त्या दिवशी प्रत्येकजण आपण किती व्रात्य होतो, याचे दाखले देत होता. कोणी मास्तरांच्या खुर्चीस खाजकुयली लावली होती, कोणी हजेरीचा पट विहिरीत टाकला होता, आणि ज्यांनी घंटा चोरली असे तिघे निघाले, घंटा मात्र शाळेत एकच होती. मला जे स्मरते ते असे, की वर्गात व्रात्य मुले तीन आणि बाकीची सर्व भित्री. परंतु मेळाव्यास भित्रा असा एकही आला नव्हता. वाद विकोपास गेला तेव्हा अध्यक्षांनी लेखी पुराव्याची मागणी केली, आणि हल्लीच्या मुख्याध्यापिकाबाईंनी, ज्या वयाने आमच्या नातीएवढ्या असतील, जुने जनरल रजिस्टर आणवून मेजावर ठेविले. या जीर्ण वह्यांस अलीकडे लोखंडी कपाटाचे भाग्य लाभले आहे, कारण जातीच्या दाखल्यांसाठी पणजोबांच्या नोंदी शोधणारांची शाळेकडे रीघ लागते. चालू विद्यार्थ्यांपेक्षा मयत विद्यार्थ्यांचेच काम अधिक असते, असे बाई म्हणाल्या.

आम्ही 'वर्तणूक' या रकान्यावर बोट ठेवले. पहिल्या नावापुढे 'चांगली' असे होते. दुसऱ्यापुढे 'चांगली'. घंटाचोर तिघे, खाजकुयलीवाला, मिसरूडवाला, सर्वांपुढे 'चांगली'. 'प्रगती'च्या रकान्यात, मी धरून, सर्वांची 'बरी'. आणि जन्मतारखेच्या रकान्यात पहिल्या ओळीस अंकी व अक्षरी पूर्ण तारीख लिहून मास्तरांनी खाली पानभर 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे' असे काढलेले होते. व्रात्यपणाचे सर्व दावे पुराव्याअभावी काढून टाकण्यात आले.

हा सगळा खटला एक बाई दाराशी बसून ऐकत होत्या. त्या आमच्याच वर्गातल्या. दुसरीतून त्यांस काढून धाकट्या भावाच्या पाळण्याशी बसविण्यात आले, आणि शाळेचा दाखला कधी मागावाच लागला नाही, कारण त्यांनी जन्मभर केलेल्या कामास दाखला लागत नाही. पुढे आधारपत्र काढण्याच्या वेळी तारीख सांगता येईना, तेव्हा यंत्रापाशी बसलेल्या मुलाने वर्ष अंदाजाने धरून १ जानेवारी घातली. अशा रीतीने हेडमास्तरांच्या संप्रदायातून यंत्राच्या संप्रदायात गेल्यामुळे त्या आमच्याहून पाच महिने वडील ठरून जानेवारीपासूनच एस. टी.ने फुकट हिंडत होत्या, ही गोष्ट उघडकीस येताच कंडक्टरचा चेहरा उतरला. 'शाळंनं जून लावला, सरकारनं जानेवारी लावला,' त्या म्हणाल्या, 'आता मरताना तेवढी खरी तारीख लिवा, म्हंजे झालं.' दिवसभरात झालेल्या भाषणांपैकी एवढेच मला शब्दशः उतरून घ्यावेसे वाटले. आणि अध्यक्षपदी चुकीचा इसम बसविला गेला, हेही त्याच वेळी ध्यानात आले.

सभा संपण्यापूर्वी दोन ठराव झाले. शाळेचा पट वीसच्या खाली गेला असून गावातली बहुतेक मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. तेव्हा उरलेल्या मुलांसाठी पाणी गाळण्याचे यंत्र आणि दोन पंखे माजी विद्यार्थ्यांनी द्यावेत, हा पहिला. उन्हामुळे दोघांना भोवळ आली, सबब पुढील मेळावा १ जूनला न भरविता दिवाळीनंतर भरवावा, हा दुसरा. वर्गणी प्रत्येकी पाचशे रुपये ठरली आहे. वाचकांपैकी कोणी त्या शाळेचे त्या वर्षांतील विद्यार्थी असतील तर त्यांनी ती खजिनदारांकडे मोजून जमा करावी; खजिनदारीवर कंडक्टर असून सुटे पैसे परत देण्याचे त्यांनी पत्करलेले नाही.